बारावा रकाना

४ जुलै

प्रिय मुंगे,

फॉर्म एक ते नऊ सोबत आहेत, दर मुलाचा एक. सगळे रकाने भरले आहेत, सह्या झाल्या आहेत, वेळा तू सांगितल्यास तशा चोवीस तासांच्या घड्याळात लिहिल्या आहेत. तिसऱ्या फॉर्मवरचा डाग सलाइनचा आहे, चहाचा नाही. तुझ्या ऑफिसातून कुणीतरी फोन करून विचारेलच, म्हणून आधीच सांगते.

पाकिटात नुसते फॉर्मच घालणार होते. दोन वर्षं मी तुझा फोन उचलला नाही, आता पत्र कसलं लिहायचं? पण कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर तू ती पिवळी चिठ्ठी चिकटवलीस. 'ताई, अजून रागावली आहेस का?' एवढंच. अक्षर अजून तसंच, मुंग्यांसारखं एकामागे एक चाललेलं. चिठ्ठी फेकायला गेले तर ती बोटालाच चिकटून राहिली. म्हणून या चार ओळी.

नाही, रागावलेली नाही. मला वेळ नव्हता.

तुझा तक्ता आमच्या मुलांच्या वॉर्डात लागून तीन आठवडे झाले. माझ्या टेबलामागच्या भिंतीवर हत्तीचं चित्र होतं, सुई टोचताना मी मुलांना ते दाखवायचे. मेट्रनबाईंनी ते काढून तिथे तक्ता लावला. अकरा रकाने, प्रत्येकाला गुण, खाली बेरीज. तीनपर्यंत हिरवा, सहापर्यंत पिवळा, त्याच्यावर लाल. डेंग्यूचं कुठलं मूल सरळ घरी जाईल आणि कुठलं बिघडेल, हे आता म्हणे दर चार तासांनी बेरीज केली की कळतं. पोरी मला चिडवतात. "सिस्टर, तुमच्या बहिणीनं आम्हाला या वयात बेरजा करायला बसवलं!" मीही हसते. दात दिसतील एवढं हसते.

परवा दोन नंबरच्या कॉटवरच्या मुलाचं पोट मला बरं वाटेना. आमच्याकडे एक नवे डॉक्टर आलेत, आम्ही त्यांना छोटे डॉक्टर म्हणतो. त्यांना म्हटलं, जरा येऊन बघता का.

"स्कोअर किती, सिस्टर?"

"दोन."

"मग?"

त्या 'मग'ला मी काय उत्तर देणार? मी या वॉर्डात आले तेव्हा हा डॉक्टर पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात असेल. बावीस वर्षं झाली मला. मी पुढच्या कॉटकडे वळले. मुलाला काही झालं नाही, आणि छोट्या डॉक्टरांनी संध्याकाळी मला बिस्किटाचा पुडा आणून दिला, ते जास्त लागलं.

आई बरी आहे. पेपरात तुझा फोटो आला होता तो तिने कापून फ्रिजच्या दारावर लावला आहे. पांढरा कोट, हात बांधलेले. सकाळी दूध काढताना मी रोज तुझा चेहरा उघडते आणि बंद करते. शेजारच्या काकू आल्या होत्या. आई त्यांना म्हणाली, "धाकटी मुलांचे जीव वाचवते."

"आणि थोरली?"

"तिची ड्युटी असते."

मी आत भांडी घासत होते. गुडघ्याला लावायचं तिचं हिरव्या डबीतलं मलम संपलं आहे, ते तुझ्याकडच्या दुकानात मिळतं म्हणे. जमलं तर पाठव.

ताई


२० जुलै

प्रिय मुंगे,

मलम मिळालं. आईने ते चार वेळा हुंगलं आणि म्हणाली, "मुंगीला बरोबर कळतं कुठलं ते." कुठलं ते तुला पत्रात लिहून मी कळवलं होतं. असो.

फॉर्म दहा ते अडतीस सोबत. यंदा साथ जोरात आहे. वॉर्डात बावीस कॉट, त्यावर एकोणतीस मुलं. खिडकीखालच्या दोन कॉट जोडून आम्ही त्यावर तिघांना आडवं झोपवतो.

चिठ्ठीत तू विचारलं आहेस, "मी नेमकं काय केलं, ते तरी सांग." मग ऐक.

तू महिनाभर माझ्या मागे वही घेऊन हिंडलीस, त्या महिन्यात मी किती सुखात होते तुला माहीत नाही. तू एवढी शिकलेली, डॉक्टर, आणि दर कॉटपाशी मला विचारायचीस, "ताई, हे तुला कसं कळलं?" मी सांगायचे. तळव्यांना हात लाव, कपाळाला नको. ताप उतरला की आई हसते, तेव्हा आपण हसायचं नाही, कारण खरी भीती तिथून पुढे असते. रक्तातलं पाणी झिरपायला लागतं ते तेव्हाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक मुलाची एक खोड असते. कुणी अंगठा चोखतं, कुणी सलाइनच्या नळीशी खेळतं, कुणी आईची वेणी ओढतं. खोड बंद झाली की समजायचं.

तू सगळं लिहून घेतलंस. मग तुझा संशोधनाचा पेपर छापून आला. मी शब्दकोश मांडीवर घेऊन तो वाचला, दोन रविवार लागले. तळवे होते, ताप उतरल्याची वेळ होती. खोड नव्हती. फोन करून विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "ताई, ते मोजता येत नाही ना." अगदी गोड आवाजात म्हणालीस. आणि शेवटच्या पानावर एक ओळ होती, परिचारिका वर्गाचे आभार. मी ती ओळ तीनदा वाचली, मला वाटलं मीच कुठेतरी नजरचुकीने स्वतःला गाळतेय.

हे झालं ते झालं. पण तुला बाबांचा जिना आठवतो का? बाबा कामावरून यायचे तेव्हा ते चिडलेत की नाही, हे मी त्यांच्या पावलांवरून सांगायचे. आपण दोघी दाराआड. मी म्हणायचे, आज चिडलेत, पुस्तकं उचल. तू सात वर्षांची, तू पाटीवर रेघा मारायला लागलीस. महिन्याभराने म्हणालीस, "मधल्या कठड्यापाशी थांबले की ते चिडलेले नसतात. न थांबता आले की चिडलेले." आणि तुझंच जास्त वेळा बरोबर यायला लागलं. मग आपली पैज लागायची. तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मी 'चिडलेत' म्हटलं आणि तू 'नाही' म्हटलंस, की मी दाराआड उभी राहून मनात म्हणायचे, चिडलेले असू देत. मार आपल्या दोघींनाही बसायचा. तरी म्हणायचे.

आता हसशील. मी पहिल्या फॉर्मपासून एक निळी वही केली आहे. खिशात मावते एवढी. तुझा फॉर्म भरायच्या आधी मी प्रत्येक मुलाला बघते, हात लावते आणि वहीत एक शब्द लिहिते. 'जाईल' म्हणजे नीट घरी जाईल. 'बिघडेल' म्हणजे बिघडेल. मग तुझी बेरीज करते. अडतीस मुलं झाली. तुझा तक्ता एकतीस बरोबर, मी तेहतीस.

माझ्या पाच चुकांपैकी चार अशा आहेत की मी 'बिघडेल' लिहिलं आणि मूल बिघडलं नाही. आता यातली गंमत बघ. 'बिघडेल' लिहिलेल्या मुलापाशी मी दर दहा मिनिटांनी जाते. लघवी मोजते, तळवे बघते, जरा काही वाटलं की सलाइनसाठी डॉक्टरांच्या मागे लागते. मग ते कसं बिघडणार? मी लक्ष दिलं की माझ्याच वहीत माझी चूक. हा कुठला न्याय? म्हणून आता ठरवलं आहे की सगळ्यांना सारखंच बघायचं. तुझ्या तक्त्यासारखं, चार तासांनी. पैज सरळ व्हायला हवी.

ताई


३ ऑगस्ट

मुंगे,

फॉर्म एकेचाळीस सगळ्यात वर ठेवला आहे. आधी तो बघ.

सात नंबरची कॉट. सहा वर्षांची मुलगी. आम्ही तिला इन्स्पेक्टर म्हणायचो, कारण जो कॉटपाशी येईल त्याची ती झडती घ्यायची. "सिस्टर, तुमच्या खिशात काय आहे?" मी रोज एक वस्तू काढून दाखवायचे. पेन, कात्री, चिकटपट्टीचं भेंडोळं, एकदा केसातला आकडा. मेट्रनबाईंनाही तिने सोडलं नाही. त्यांच्या खिशातून खडीसाखर निघाली, तेव्हापासून सगळा वॉर्ड तिच्या बाजूने आहे.

पाचवा दिवस. सकाळी ताप उतरला. आई इतकी खूश झाली की शेजारच्या कॉटवाल्यांनाही सांगत सुटली. १२:०० ला मी तक्ता भरला. पोट थोडं दुखतंय, एक गुण. प्लेटलेट कमी, एक गुण. बेरीज दोन. हिरवा.

१२:५० ला मी कॉटपाशी गेले. तिने खिशाचं विचारलं नाही. तळवे गार, घोट्यापर्यंत. वरचं प्रेशर नव्वद, खालचं चौऱ्याहत्तर, दोन्ही एकमेकांच्या इतकं जवळ आलेलं. छोट्या डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी स्कोअर विचारला नाही, माझ्या तोंडाकडे बघून धावत आले.

पुढचा तक्ता १६:०० ला भरायचा होता. तोवर तुझा कागद हिरवाच राहिला असता. तीन तास दहा मिनिटं, मुंगे. ज्याचं मोजमाप होत नाही त्याने ती वाचवली.

ती आयसीयूत आहे. छातीत पाणी झालं, परवापासून व्हेंटिलेटर लावला आहे. जगेल म्हणतात.

त्या दिवशी वॉर्डाच्या कपड्यांची मोजणीही होती. चादरी सत्तावीस भरल्या.

आईला वाटतं मला अपचन झालंय. जेवण जात नाही एवढंच.

ताई


१४ ऑगस्ट

प्रिय मुंगे,

तुझं चार पानी पत्र मिळालं. पिवळी चिठ्ठी नाही, चक्क पत्र. मी ते कपड्यांच्या खोलीत जाऊन वाचलं.

तू लिहिलं आहेस, "ताई, चूक माझी होती. मोजता येत नाही म्हणून मी ते फेकून दिलं." लिहिलं आहेस की तक्त्याला बारावा रकाना जोडणार: 'मुलाच्या नेहमीच्या वागण्यात फरक, परिचारिकेचे मत'. की हा तक्ता आता अकरा हॉस्पिटलांत जाणार आहे. की नव्या पेपरवर तुझ्या नावाशेजारी माझं नाव असेल, आभारांत नाही, लिहिणाऱ्यांत. आणि एकेचाळीस नंबरच्या मुलीची हकिगत त्यात सविस्तर येईल, वेळांसकट.

वाचून पहिलं काय वाटलं सांगू? आनंद नाही झाला. वाटलं, शेवटी यावं लागलंच ना माझ्या दारात. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं आणि मी ते चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवून दिलं.

आईला तू फोनवर सांगितलंस ते बरं नाही केलंस. तिने फ्रिजवरचा तुझा फोटो थोडा बाजूला सरकवला आहे. शेजारी रिकामी जागा ठेवली आहे. मला म्हणते, "एखादा चांगला फोटो काढून घे गं, केस नीट करून." बेचाळीस वर्षांत आईने माझ्या केसांबद्दल पहिल्यांदा चांगल्या मनाने काही म्हटलं.

इन्स्पेक्टर वॉर्डात परत आली. सातव्याच कॉटवर. घसा बसलाय, नळी होती ना, त्यामुळे बोलत नाही. नुसती बघते. त्या कॉटचं काम मी सध्या दुसऱ्या सिस्टरांकडे दिलं आहे.

तिची आई शिवणकाम करते. काल माझ्या वाटेत उभी राहिली. "सिस्टर, तुमचा खिसा फाटायला आलाय. काय जड जड ठेवता हो त्यात? द्या इकडे." मी नको नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही. बाकावर बसून, पिशवीतून सुईदोरा काढून, माझा अ‍ॅप्रन मांडीवर घेऊन तिने खिशाला आतून दुहेरी कापड लावलं. वही मी आधी काढून घेतली आणि पाठीमागे धरून उभी राहिले. "तुमच्यामुळे माझी पोर आहे," असं ती टाके घालता घालता म्हणाली. वर बघितलंही नाही तिने. दात लावून दोरा तोडला आणि अ‍ॅप्रन माझ्या हातात दिला.

तू लिहिलं आहेस की पंचवीस तारखेला येतेस, मला भेटायला, एकेचाळीसची फाइल बघायला. येऊ नकोस. साथ आहे, गर्दी आहे, तुला झोपायला जागा नाही. आणि माझं नाव घालायची घाई करू नकोस. मी नीट कळवते.

ताई


१९ ऑगस्ट

मुंगे,

फॉर्म एकेचाळीसवरची वेळ खोटी आहे.

१२:०० ला मी तक्ता भरला, ते खरं. हिरवा आला, ते खरं. १२:१० ला मी तिची सलाइनची बाटली बदलायला परत गेले. तिने माझ्या खिशाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. डोळे तिथून काढून भिंतीकडे नेले. मी तळव्यांना हात लावला. गार नव्हते, पण ऊब उतरायला लागली होती. आई म्हणाली, "आता कशी शांत पडलीय बघा." मला कळलं. जसं जिन्यावर कळायचं तसं.

मी वही काढली आणि तिच्या नंबरापुढे लिहिलं, 'बिघडेल'. वही खिशात ठेवली. आणि गेले.

कपड्यांच्या खोलीत गेले, मुंगे. चादरी मोजल्या. सत्तावीस भरल्या. मोजणीच्या वहीत लिहिल्या. पुन्हा मोजल्या. सत्तावीस.

मी स्वतःला तेव्हा काय काय सांगितलं त्याची यादी मोठी आहे. हाक मारली तर म्हणतील स्कोअर किती, दोन, मग? सगळ्यांना सारखं बघायचं ठरलंय. कागद तर हिरवा आहे, कागद माझ्या शिकलेल्या बहिणीने केलाय, मी कोण? यातलं एकही कारण खोटं नाही आणि एकाही कारणासाठी मी तिथे उभी नव्हते.

मला ती बिघडायला हवी होती असं नाही. हे वाक्य मी चार वेळा लिहून चार वेळा खोडलं आहे. मला तुझा तक्ता चुकायला हवा होता. पण त्याला चुकीचं ठरवायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

चाळीस मिनिटं. १२:५० ला गेले तेव्हा गारवा घोट्यापर्यंत चढला होता. फॉर्मवर 'लक्षण प्रथम दिसले' त्या रकान्यात मी १२:५० लिहिलं. खाली सही केली.

त्या चाळीस मिनिटांनी व्हेंटिलेटर लागला की तो लागणारच होता, हे कुणी सांगू शकत नाही. छोटे डॉक्टर म्हणतात, अशी मुलं लवकर हातात येऊनही बिघडतात. त्यांना काही माहीत नाही, ते आपले सहज बोलले. मी त्याला धरून दोन दिवस काढले. मग ते हातातून सुटलं.

तू तीन तास दहा मिनिटं वाचवल्याबद्दल माझं नाव छापायला निघाली आहेस.

नाव काढ. पण बारावा रकाना काढू नकोस, माझ्या पायी तो जायला नको. खोड बंद होते, मुंगे, ते खरंच आहे, माझ्या आधी ते खरं होतं. फक्त त्याच्याखाली आणखी एक ओळ घाल. 'असे वाटल्यानंतर किती मिनिटांत डॉक्टरांना सांगितले?' ते मोजता येतं.

ताई


२२ ऑगस्ट

मुंगे,

वरचं पत्र तीन दिवस खिशात आहे. त्या दुहेरी कापडाच्या खिशात, त्यामुळे फाटलं नाही, नुसतं मऊ पडलंय.

परवा मेट्रनबाईंना सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "बाई गं, गप्प बसली असतीस तर कुणाला कळणार होतं?" आणि लगेच, "नाही, बरं केलंस. पण आता मला लिहावं लागेल." चौकशी होईल. तोवर मी वॉर्डात नाही, खाली कपड्यांच्या कोठीत आहे. दिवसभर चादरी मोजते. त्या चाळीस मिनिटांत मी चादरीच मोजत होते हे मेट्रनबाईंना ठाऊक नाही, त्यांनी आपली रिकामी जागा पाहून दिली.

आईला आज सांगितलं. फोटोशेजारच्या जागेवर तिने दूधवाल्याचा नंबर लावला.  रात्रीची पोळी माझ्या ताटात तिने स्वतः वाढली, जे ती गुडघे दुखायला लागल्यापासून करत नाही. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळलं नाही.

मुलीच्या आईला काल सांगितलं. आज मुलगी घरी जाणार होती, नाहीतर कदाचित सांगितलंही नसतं. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "चाळीस मिनिटं?" मी हो म्हटलं. तिने मुलीच्या पायावरचं पांघरूण उगीचच नीट केलं. "मी रोज तुमचं नाव घेत होते," ती म्हणाली. "पोरीलाही घ्यायला लावत होते." मग पाठ फिरवली आणि पिशवी भरायला लागली. मी तिथे उभी राहिले, कारण जाणं हे परत तेच केल्यासारखं झालं असतं.

आज सकाळी त्या निघाल्या. वाट कोठीच्या दारावरूनच जाते. आई पुढे निघून गेली, माझ्याकडे न बघता. मुलगी थांबली. आवाज अजून घोगरा आहे, म्हाताऱ्या माणसासारखा.

"सिस्टर, तुमच्या खिशात काय आहे?"

मुंगे, मी हातातली चादर खाली ठेवली. मग सगळं काढलं. पेन, कात्री, चिकटपट्टी, निळी वही, वरचं पत्र. कधी नव्हे ते सगळं एकदम समोर आल्यावर ती जरा गोंधळली. वहीकडे तिने पाहिलंही नाही. पत्रावर बोट ठेवलं.

"हे कुणाचं?"

"माझ्या बहिणीला लिहिलंय."

"मग पाठवलं का नाही?"

"ती रागावेल."

"खूप रागावेल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माणूस चिडलंय का, मूल बिघडेल का, हे मला कळतं, यावर मी आयुष्यभर जगले. तुझ्यावर जळत राहिले तेही याच एका गोष्टीवरून. आणि तू हे वाचताना कशी दिसशील, पाय आपटशील की मधल्या कठड्यापाशी थांबशील, ते मला काही केल्या दिसेना.

"मला नाही सांगता येत," मी म्हटलं.

"मग विचारा ना तिला," ती म्हणाली, आणि आईने हाक मारली म्हणून गेली.

निळी वही पाकिटात घातली आहे. फॉर्म एकेचाळीसची प्रतही आहे. १२:५० वर एक आडवी रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी, बाजूला १२:१० लिहून सही केली आहे. मूळ फॉर्मवर तूही तसंच कर. पंचवीस तारखेला यायचं असेल तर ये. झोपायला जागा आहे, मी खोटं लिहिलं होतं.

आणि विचारायचं ते विचारते. रागावलीस का?

ताई